गोठ्यातलं गॅरेज, आजोबांचा शिकंजा आणि वीस वर्षं उभी असलेली येझदी

गोठा_गॅरेज (परभणी)

रामराम मंडळी. बरेच दिवस इथलं नुसतं वाचायलो, आज लिहायलो.

आमच्या गोठ्यात आता बैल नाहीत. शेवटची जोडी सहा वर्षांखाली विकली. तेव्हापासून गोठ्यात कडबा, जुनी ठिबकची नळी आणि मोडकं औत एवढंच. गेल्या दिवाळीला मी तो झाडून काढला, गव्हाणीवर सागाची जाड फळी ठोकून टेबल केलं, वर दोन बल्ब लावले आणि वडिलांची येझदी आत आणून उभी केली.

रोडकिंग, १९८२ ची. वडील शिक्षक होते, जिंतूरहून रोज हिच्यावरच जायचे. माझी शाळेतली पहिली पाटी याच टाकीवर ठेवून आली. ते गेल्यावर गाडी ओसरीत उभी राहिली ती राहिलीच. मधे एकदा शहरातल्या एका गॅरेजला टाकली होती. परत आली तेव्हा तिचा मूळचा कार्बोरेटर निघून दुसऱ्याच कुठल्या गाडीचा बसलेला होता. त्या दिवशी ठरवलं की आता हिला हात लावीन तर मीच.

दुसरी गोष्ट आजोबांची. ते पूर्ण्याला रेल्वेत फिटर होते, मीटर गेजच्या काळात. त्यांची लाकडी पेटी आणि एक बिडाचा (ओतीव लोखंडाचा) वाइस, म्हणजे वस्तू घट्ट धरायचं हत्यार, माझ्याकडं आहे. ते त्याला कायम शिकंजा म्हणायचे. त्यावर ‘रेकॉर्ड’ आणि ‘मेड इन इंग्लंड’ अशी उठावदार अक्षरं आहेत, बाकी सगळा गंज. पेटीत पंधरा-वीस पाने, दोन कानशी, एक हातोडा, बाकी बरंच काही.

अडचणी तीन. इंजिन जाम आहे, किक हलत नाही. हत्यारांचा गंज कशानं काढावा कळत नाही, कारण अक्षरं घासून जाऊ द्यायची नाहीत. आणि आजोबांचे पाने गाडीच्या एकाही नटाला नीट बसत नाहीत. कुठं ढिले, कुठं बसतच नाहीत. असं कामून?

वाळूज_पाळी (छत्रपती संभाजीनगर)

भाऊ, सगळ्यात आधी किकवर उभं राहणं बंद करा. येझदीला गिअर आणि किक एकाच दांडीवर असतात. इंजिन जाम असताना जोर लावला तर पिस्टन सुटत नाही, आतले दाते मात्र जातात. मग दुखणं वरच्या सिलिंडरचं आणि खर्च खालच्या गिअरबॉक्सचा.

माझं सांगायचं तर, १९८५ ला वाळूजचा बजाजचा कारखाना सुरू झाला आणि पुढं तिथंच माझी सगळी नोकरी झाली. टू-स्ट्रोकशिवाय दुसरं काही हाताखालून गेलंच नाही म्हणा. वीस वर्षं उभ्या गाडीत होतं काय, तर पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा, सिलिंडर बिडाचा. पोर्टमधून ओल आत जाते आणि रिंगांच्या जागी दोन्ही धातू गंजानं एकमेकांना चिकटतात. तो गंज सोडवायचा असतो, पिस्टन ठोकायचा नसतो.

प्लग काढा. आत डिझेल आणि थोडं इंजिन ऑइल मिसळून ओता, प्लगच्या भोकापर्यंत. चार-पाच दिवस तसंच राहू द्या, पातळी उतरली की परत भरा. मग सगळं बाहेर काढून, कापडानं टिपून, हेड उतरवा आणि सिलिंडरवर बाहेरून उकळतं पाणी ओता. गार होऊ द्या. परत ओता. दोन धातू सारखे फुगत नाहीत, सारखे आकसत नाहीत, त्या ओढाताणीत मधला गंज फुटतो. डिझेल आत असताना मात्र ज्योत किंवा गॅस अजिबात जवळ आणू नका. पाण्यानं भागतं, थोडा वेळ जास्त लागतो एवढंच. त्यानंतर पिस्टनच्या डोक्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून मोगरीनं हलकेच टोले. हलला की अर्धं काम झालं.

सिलिंडर निघाल्यावर लगेच बोअर मारायला, म्हणजे आतलं भोक कातून मोठं करायला, देऊ नका. आधी मापून घ्या. ओरखडे नखाला लागत नसतील तर नुसतं होनिंग (आतून हलकी घासणी) आणि नव्या रिंगा पुरतात. मूळ बोअर एकदा गेला की परत येत नाही.

आणि क्रँकची, म्हणजे पिस्टननं फिरणाऱ्या दांड्याची, दोन्ही ऑइल सील बदला, ती कशी का दिसेनात. रबर उभ्या उभ्या कडक होतं. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर गिअरबॉक्सचं ऑइल ओढलं जातं, पांढरा धूर थांबत नाही. दुसऱ्या बाजूचं गेलं तर हवा आत येते, मिश्रण पातळ होतं, गाडी आपोआप रेस होते आणि पिस्टन भाजून निघतो. लोक त्यावर कार्बोरेटर बदलत बसतात. तुमच्या त्या गॅरेजवाल्यानं कदाचित हेच केलं असेल.

ब्रेकचं ड्रम उघडाल तेव्हा हवेनं फुंकू नका. त्या काळच्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्यानं पुसा, तोंडाला मास्क बांधा आणि ते फडकं फेकून द्या. आमच्या पिढीनं हे काळजीनं केलं नाही, तुम्ही करा.

औसा_रोड (लातूर)

पान्यांचं मी सांगतो.

आजोबांच्या पान्यांवर आकड्याच्या पुढं ‘डब्ल्यू’ किंवा ‘बीएसडब्ल्यू’ आहे का पाहा. असेल तर ते व्हिटवर्थचे. जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या इंग्रज अभियंत्यानं १८४१ मध्ये आट्यांचं प्रमाण बसवलं. त्याच्या आट्याचा कोन ५५ अंशांचा, मेट्रिकचा ६० अंशांचा. आणि सगळ्यांचा घोळ होतो तो पुढं: व्हिटवर्थच्या पान्यावर लिहिलेला आकडा पान्याच्या तोंडाचा नसतोच, तो बोल्टच्या जाडीचा असतो. म्हणजे पाव इंच लिहिलेल्या पान्याचं तोंड निघतं १३.३ मिलिमीटरचं. तीन अष्टमांश लिहिलेल्याचं १८ मिलिमीटर. रेल्वेत सगळं इंग्रजी मापाचं, म्हणून आजोबांची पेटी तशी.

तुमची येझदी मात्र जावाच्या घराण्यातली. म्हैसूरला आयडियल जावानं १९६० च्या दशकात चेकोस्लोव्हाकियाच्या परवान्यावर गाड्या काढायला सुरुवात केली, आणि चेक माप पहिल्यापासून मेट्रिक. म्हणून आजोबांचा पाना आणि वडिलांची गाडी जुळत नाहीत. दोघांचीही चूक नाही. आपल्याकडं वजन-मापाचा कायदा १९५६ चा, दशमान पद्धत १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं आली. तुमच्या घरात त्या बदलाच्या दोन्ही बाजू एकाच गोठ्यात आल्यात.

आमचे मिस्तरी अजून सुतात बोलतात. इंचाचे आठ सूत, म्हणजे एक सूत ३.१७५ मिलिमीटर. ‘चार सुताचा बोल्ट दे’ म्हटलं की अर्धा इंच. आता बाहेरून अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर भरणाऱ्या नटाला १३ चा पाना लावला की ०.३ मिलिमीटरची फट राहते. हातानं ती कळत नाही. जोर लावला की नटाचे कोपरे गोल होतात. उलट १९ चा पाना आणि पाऊण इंच यांत फरक ०.०५ चा, तिथं बिनधास्त चालवा.

आट्यांचं याहून वाईट. ८ मिलिमीटरचा बोल्ट आणि पाच सोळांश व्हिटवर्थ हातात सारखेच वाटतात. पण एकाच्या दोन आट्यांतलं अंतर १.२५ मिलिमीटर, दुसऱ्याच्या १.४१. दोन फेरे जातात, तिसऱ्याला अडतो, आणि माणूस पान्यानं रेटतो. अ‍ॅल्युमिनियमच्या केसिंगमधले आटे तिथंच संपतात. पहिले चार फेरे नेहमी बोटानं. बोटानं गेला नाही तर तो त्या जागेचा बोल्ट नाही.

आजोबांचे पाने फेकू नका आणि घासून मोठेही करू नका. जुन्या बुलेटला, जुन्या ऑइल इंजिनला, जुन्या लेथला ते अजून लागतात.

माझ्याकडं माझ्या आजोबांचा लाकडी रंधा आहे. ते किल्लारीजवळच्या गावात सुतार होते. ३० सप्टेंबर १९९३ ला घर पडलं त्यात ते गेले. तिसऱ्या दिवशी ढिगाऱ्यातून काकांना हत्यारांची पेटी सापडली. झाकण फुटलं होतं, आत रंधा, पटाशी, गिरमिट जसंच्या तसं. पातं मी अजून धार लावून वापरतो. म्हणून तुमचा शिकंजा वाचून राहवलं नाही, एवढं लांब लिहिलं.

लोहाराची_लेक (केज, बीड)

शिकंज्याला वायरब्रशची चकती लावू नका दादा, अक्षरांच्या कडा बोथट होतात. विजेनं गंज काढा.

प्लास्टिकची बादली घ्या. पाण्यात धुण्याचा सोडा टाका, लिटरला एक चमचा. खाण्याचा नाही, धुण्याचा. बॅटरी चार्जरची निगेटिव्ह तार गंजलेल्या वस्तूला, पॉझिटिव्ह तार एखाद्या जुन्या लोखंडी पट्टीला. दोन्ही पाण्यात, पण एकमेकांना चिकटता कामा नयेत. चार्जर चालू केला की बुडबुडे येतात, गंज काळा होऊन सुटतो, खालचं लोखंड झिजत नाही. एक दिवस ठेवा. तारा उलट्या लागल्या तर तुमचा शिकंजाच विरघळेल, तेवढं दोनदा बघा.

पट्टी स्टेनलेस स्टीलची घेऊ नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. बुडबुड्यांत हायड्रोजन असतो, म्हणून हे अंगणात, उघड्यावर. बाहेर काढल्यावर पाण्यानं धुऊन, उन्हात तापवून, लगेच तेलाचा हात. नाहीतर तासाभरात परत लालसर झाक येते. स्प्रिंगा आणि कडक पोलादाच्या वस्तू अशा ठेवू नका, हायड्रोजननं त्या ठिसूळ होतात. कानशींना तर नुसतं व्हिनेगर पुरतं. रात्रभर बुडवा, सकाळी सोड्याच्या पाण्यात धुवा.

हातोड्याला दांडा बाभळीचाच घाला. माझे वडील म्हणायचे, वाळलेली बाभूळ हाताला झटका देत नाही. आणि दांडा बसवताना शेपटाकडून आपटा, डोक्याकडून नाही. डोकं स्वतःच्या वजनानं आत सरकतं.

आता बेअरिंगचं. वाळूजवाल्या काकांनी सांगितलं नाही म्हणून मी सांगते. मी आयटीआयला मुलांना शिकवते, पण हे शिकले भात्यापाशी. बैलगाडीच्या चाकावर धाव, म्हणजे लोखंडी पट्टा, चढवताना बघितलीय का कुणी? धाव चाकापेक्षा मुद्दाम लहान करतात. गोवऱ्यांच्या जाळात लाल करतात, दीड मीटरची धाव तेवढ्या तापाला सेंटीमीटरभर फुगते, सांडशीनं धरून चाकावर टाकतात, वर पाणी. आकसताना ती आरे आणि तुंबा असे आवळते की चाक कडकड वाजतं. एक खिळा लागत नाही.

क्रँककेसमध्ये बेअरिंग बसतं ते याच नात्यानं. केसिंग अ‍ॅल्युमिनियमचं, बेअरिंग पोलादाचं. अ‍ॅल्युमिनियम जवळपास दुप्पट फुगतं. ६२ मिलिमीटरचं भोक ८० अंशांनी तापवलं तर ०.११ मिलिमीटर मोठं होतं. ऐकायला काहीच नाही, पण बेअरिंग तेवढ्यात हातानं टुपकन खाली जातं. केसिंग तव्यावर सारखं तापवा, पाण्याचा थेंब टाकल्यावर चर्र करून उडाला की झालं. बेअरिंग फ्रीजमध्ये. घणानं ठोकून बसवलेलं बेअरिंग आत तिरकं जातं, केसिंग ओरबाडतं आणि परत कधीच घट्ट बसत नाही. मुलांना मी आधी चाकाची गोष्ट सांगते, मग सूत्र. मग विसरत नाहीत.

जालना_तराजू

मी भंगाराचा व्यवसाय करतो. या धाग्यावर लिहावं की नाही विचार करत होतो.

जालन्यात रोलिंग मिल आहेत, भट्ट्या आहेत, सळई निघते हे सगळ्यांना माहीत आहे. मराठवाड्यातलं निम्मं जुनं लोखंड आमच्या तराजूवरून जातं. वडिलांच्या काळात मी डोळ्यांनी पाहिलंय, ऐरण, लेथचे चक, विहिरीवरची ऑइल इंजिनं, सगळं किलोवर. आणणाऱ्यालाही ते ओझं वाटायचं आणि आम्हालाही त्यात वजनच दिसायचं. आता माझ्याकडं एक वेगळा कोपरा आहे. हत्यार आलं की तिथं ठेवतो, कुणी काम करणारा आला तर देतो.

घ्यायला येणाऱ्यांना दोन गोष्टी सांगतो. एक, नाद बघा. वाइसचा जबडा किंवा ऐरण टांगून किंवा लाकडावर ठेवून छोट्या हातोडीनं टिचकी मारा. नाद लांबला तर अखंड, बसका आवाज आला तर कुठंतरी तडा, मग तो रंगाखाली लपवलेला का असेना. दोन, ऐरणीवर बेअरिंगमधली गोळी हातभर उंचीवरून सोडा. चांगल्या पोलादावर ती बरीच वर उसळते. मऊ लोखंडावर मरते.

शिकंजा तोडायला कधीच देऊ नका भाऊ. तसं बीड आता माझ्याकडं फार कमी येतं.

नांदेड_जीप

सर्वांना नमस्कार. माझी १९६८ ची सीजे-३बी जीप आहे. तिचे नट ना मेट्रिक ना व्हिटवर्थ, अमेरिकन इंची. म्हणजे माझ्याकडं तिसरी पेटी. लातूरच्या दादांचं पान्यांवरचं वाचून बऱ्याच वर्षांचं एक कोडं सुटलं.

एक मत मांडतो. येझदीची चेसिस वाळूनं ब्लास्ट करून पावडर कोटिंग करून घ्या. चाळीस वर्षं बघायचं काम नाही.

आणि एक प्रश्न. विंटेज नोंदणीचा नियम कुणी वापरलाय का?

वाळूज_पाळी

जीपवाल्या दादांशी इथं माझं जमत नाही. ब्लास्टिंगची वाळू इंजिनाच्या भागांवर तर नकोच. ऑइलच्या वाटांत, आट्यांत एक कण राहिला तरी नवं बेअरिंग महिन्यात खाऊन टाकतो. चेसिसला चालेल, पण आधी कोरलेल्या चेसिस नंबरवर टेप लावा. पावडर कोटिंग जाड बसतं. पुढं नोंदणीच्या तपासणीला नंबरावर कागद धरून पेन्सिलची छाप घ्यावी लागते, तिथं काही उमटत नाही आणि मग खऱ्या गाडीवर शंका येते.

टाकीचा रंग तर माझं ऐकाल तर राहू द्या. मेण लावून पुसा. जिथं तुमच्या वडिलांचे गुडघे लागून रंग गेलाय ना, ती जागा पुन्हा कुठल्याच रंगाऱ्याला करता येणार नाही.

औसा_रोड

नियमाचं: जुलै २०२१ मध्ये केंद्रानं मोटार वाहन नियमांत विंटेज गाड्यांची तरतूद आणली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात ठेवलेली दुचाकी किंवा चारचाकी. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पुढच्या नोंदणीला ५,०००, मुदत १० वर्षं. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येतं.

पण दादा, अर्ज करायच्या आधी अट नीट वाचा. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला रस्त्यावर चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच. तुमची जीप शेतावर जात असेल तर तिला साध्या नोंदणीतच राहू द्या. शिवाय तुम्ही मागं एकदा डिझेल इंजिन बसवल्याचं लिहिलं होतं. मग मूळ रूपाची अट कशी बसणार, हे कार्यालयात विचारूनच पैसे भरा.

परभणीच्या भाऊंची येझदी २०३२ पर्यंत त्या नियमात येतच नाही. त्यांना नेहमीचीच वाट: पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. जुनं तीन अक्षरी नंबराचं पुस्तक जपून ठेवा, आणि वारसाहक्कानं नाव आधी तुमच्यावर करून घ्या. इंजिन चालू व्हायच्या आधीच हे काम हाती घ्या, त्याला वेळ लागतो.

गोठा_गॅरेज

मंडळी, दोन महिन्यांनी लिहायलो. उशीर झाला, मधे कापूस होता.

पिस्टन सुटला. डिझेल सातव्या दिवशी उतरायला लागलं, उकळतं पाणी पाच वेळा ओतलं. पाचव्या वेळी ठोकळ्यावर मोगरी मारली आणि सूतभर खाली गेला. बायको गव्हाणीपाशी उभी होती, तिनं आधी बघितलं. बोअरला एकच ओरखडा आहे, नखाला लागत नाही. होनिंगला दिलाय.

शिकंज्याचा गंज दोन दिवसांत गेला. ताईंनी सांगितलं तशा तारा दोनदा नाही, चारदा तपासल्या. अक्षरं इतकी स्वच्छ आली की खाली एक बारीक छिन्नीनं कोरलेलं नाव दिसलं. आजोबांचं. मोडी लिपीत. घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

नवी अडचण जमिनीची. गोठा काळ्या मातीवर आहे. मी एक जुना छोटा लेथ घेतलाय, जालन्याच्या भाऊंच्या कोपऱ्यातूनच. पावसाआधी पाणपातळी लावून समतल बसवला होता. दोन पाऊस झाले आणि एक कोपरा वर. आता कातलेला दांडा एका टोकाला जाड येतो.

नांदेड_जीप

हे आपल्याकडचं नेहमीचं. काळी माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वर नुसतं काँक्रीट टाकलं तर तेही तिच्याबरोबर हलतं. लेथपुरता चौकोन तीन फूट खोदा, काळी सगळी बाहेर काढा, मुरूम थराथरानं पाणी मारून धुमसा, वर काँक्रीट. हा चौकोन गोठ्याच्या बाकी फरशीपासून बोटभर सुटा ठेवा. आणि पत्र्यावरचं पाणी भिंतीपाशी पडू देऊ नका, पन्हाळ लावून लांब न्या. खरा दोष बऱ्याचदा तिथंच असतो. एवढं करूनही दर पावसाळ्यानंतर एकदा पाणपातळी लावायचीच.

चेसिसच्या नंबरावर टेप लावायचं काकांचं पटलं. माझ्या जीपचा नंबर मी परवा पाहिला, अर्धा बुजलाय.

लोहाराची_लेक

मोडीत नाव! दादा, त्यावर पारदर्शक लाख मारा, नाहीतर तेलाचा हात रोज लागून ते भरून जाईल.

आणि गाडी चालू कराल तेव्हा पेट्रोलची नळी, फ्लोटचे वॉशर सगळं नवं घाला. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. आपल्याच उसाचं असेल, पण १९८२ च्या रबराला ते सोसत नाही, फुगतं आणि चुरा होतो. इथेनॉल हवेतलं पाणीही ओढतं. गाडी पंधरा दिवस उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत चालवा. ऑइल लिटरला ४० मिली. तुमच्या वडिलांच्या वेळचं जावाचं प्रमाण तेच, नवीन ऑइल म्हणून लगेच कमी करू नका.

गोठा_गॅरेज

टिपून ठेवलं. लेथच्या चौकोनाचं काम पोळ्यानंतर काढतो.

आता क्रँकच्या टोकावरच्या रोटरवर अडलोय. मधला बोल्ट निघाला पण रोटर हलत नाही. हातोडी उचलली होती, खाली ठेवली.

वाळूज_पाळी

बरं केलंत. ठोक्यानं रोटरही जातो आणि क्रँकही वाकतो. त्याला ओढून काढायचा वेगळा बोल्ट येतो. माझ्याकडं आहे, आट्यांना ग्रीस लावून कापडात गुंडाळून ठेवलेला. मंगळवारी सकाळच्या परभणीच्या एसटीत पार्सल टाकतो. स्थानकावर घ्यायला या. काम झालं की आरामात परत पाठवा. आणि तो मोडीतल्या नावाचा एक फोटो इथं टाका.